रस, सडवा आणि मधले काही तास: आपल्याकडची पेयं कशी बनतात?

काटोलचा_बागवान

मंडळी, हा धागा काढायला कारण झाला एक फसलेला बेत.

डिसेंबरात पुतणीचं साक्षगंध होतं. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं हिवाळ्यातलं पीक, चालू, बाग घरची, म्हणून बाबांनी आधीच बजावून ठेवलं होतं की पाहुण्यांच्या हातात विकतची बाटली द्यायची नाही, आपल्याच संत्र्यांचा रस द्यायचा. आदल्या रात्री मी आणि दोन चुलतभाऊ बसलो. संत्री सोलली, फोडी मिक्सरमधून फिरवल्या, गाळून बाटल्यांत भरल्या. बिया काढत बसायला वेळ नव्हता. बाराच्या सुमारास चाळीस बाटल्या तयार. चाखून पाहिला तर एका पेल्यावर मन भरेना, असा रस.

सकाळी अकराला पहिला पेला मुलाच्या मामांना दिला. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि पाणी मागितलं. मी आत जाऊन चाखला. कारलं परवडलं, इतका कडू. चाळीसच्या चाळीस बाटल्या तशाच. बाबा त्या दिवशी कोणाशी फारसे बोलले नाहीत. मला ते अजून लागून आहे.

फ्रीजमध्ये न मावलेल्या दोन बाटल्या स्वयंपाकघरातल्या फडताळात राहून गेल्या होत्या. चौथ्या दिवशी आईनं हात लावला तर एकीचं झाकण उडालं, फेस वर आला, आणि घरभर दारूसारखा आंबूस वास.

म्हणजे एकाच झाडांचा, एकाच रात्री काढलेला रस दोन वेगळ्या वाटांनी गेला. त्यानंतर तीन महिने मी याच्याच मागे आहे. जे हाती लागलं ते मांडतो.

आधी कडूपणाचं. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, त्याला स्वतःला चव नसते. फळ शाबूत आहे तोवर तो आपल्या जागी गप्प असतो. आपण फोडी चिरडल्या की तो रसातल्या आंबटपणाच्या संगतीत येतो आणि तासातासानं त्याचं लिमोनिन बनत जातं. हे लिमोनिन इतकं कडू की दहा लाख भागांत सहा भाग असलं तरी जिभेला कळतं. म्हणून रात्री गोड लागलेला रस सकाळी कडू. तापवला तर आणखी लवकर कडू. आपल्या नागपुरी संत्र्याला बिया बऱ्याच आणि हा दोषही ठळक. डब्यातला रस करणाऱ्या मोठ्या कंपन्या व्हॅलेन्शियासारख्या जाती घेतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, सोलायला सोपं, खायला जगात सरस असं आपलं फळ बाटलीत शिरायला मात्र तयार नाही. बागवान म्हणून मला याचं फार वाईट वाटतं. कळमन्याच्या बाजारात भाव पडतो तेव्हा सगळा माल ताजाच विकावा लागतो, आणि रस करून ठेवू म्हटलं तर हे असं.

आता फडताळातल्या बाटलीचं. फळाच्या सालीवर, हवेत, आपल्या हातांवर सगळीकडे यीस्ट असतं. गोड रस मिळाला की ते साखर खातं आणि तिची दारू नि कार्बन डायऑक्साइड करतं. वजनाच्या हिशेबानं साखरेची जवळपास निम्मी दारू, निम्मा वायू. झाकण उडालं ते त्या वायूमुळे. बाटली उघडी राहिली असती तर पुढे दुसरे जिवाणू येऊन त्या दारूचा सिरका करतात.

माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली ती ही: गोड रस एकदा मोकळा झाला की तो जागेवर राहत नाही. माणसानं एक तर त्याला थांबवायचं, नाहीतर हवं तिथपर्यंत जाऊ देऊन मग थांबवायचं. चहा-कॉफी सोडली तर बहुतेक पेयांची कृती म्हणजे हे थांबवणंच आहे. नीराच घ्या. शिंदीच्या झाडाला रात्री मडकं बांधतात, त्याला आतून चुना फासलेला असतो. चुन्यामुळे यीस्टला वाढता येत नाही, म्हणून पहाटे उतरवली की ती नीरा. चुना नसला आणि ऊन वर आलं की तीच ताडी. झाड तेच, माणूस तोच. फरक चिमूटभर चुन्याचा आणि चार तासांचा.

तुमच्याकडे काय बनतं, कसं बनतं, ते लिहा. दारूचंही लिहा, ताकाचंही लिहा.

---

धरमपेठी

दादा, वाचून जीव हळहळला. पण एक सांगा, नागपुरात बर्डीवर आपण हातगाडीवरचा संत्र्याचा रस पितो तो कधी कडू लागत नाही, तो कसा?

---

काटोलचा_बागवान

तो तुम्ही समोर उभं राहून दोन मिनिटांत पिता. कडू व्हायला त्याला वेळच मिळत नाही. शिवाय हाताच्या यंत्रात अर्धं कापलेलं फळ दाबलं जातं, बिया फुटत नाहीत. मी मिक्सर फिरवला, तिथेच चुकलो.

---

वैनगंगा

भाऊ, मोहाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहून राहिलो. आमचं गाव गडचिरोलीकडचं, नोकरीमुळे आता नागपुरात.

मोह मार्चच्या मध्यात गळायला लागतो, तो एप्रिलभर. फुलं रात्री गळतात, पहाटे जमिनीवर पिवळसर सडा पडलेला असतो. आमची आजी साडेचारला निघायची, टोपलं आणि कंदील घेऊन. उशीर केला तर गाईगुरं खातात, आणि लवकर गेलं तर अस्वल. अस्वलाला मोह माणसापेक्षा जास्त आवडतो. आमच्या गावातल्या दोघांच्या अंगावर त्या पहाटेच्या खुणा आहेत. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची पद्धत होती, त्यानं वणवे लागतात म्हणून आता लोक झाडून घेतात, काही ठिकाणी जाळ्या बांधतात.

ताजं फूल मांसल असतं, दाबलं की रस येतो. अंगणात वाळवलं की मनुक्यासारखं तांबूस होतं आणि वजनाच्या निम्म्याहून जास्त तर साखरच उरते. दारू ही त्याची एक गोष्ट झाली. आजी वाळला मोह भाजून, तीळ घालून कुटायची आणि लाडू वळायची. पावसाळ्यात घरात दाणा नसला की मोह उकडून खायचा. बियांचं, म्हणजे टोळीचं तेल दिव्याला, अंगाला आणि भाजीलाही.

दारूचं सांगतो, कारण मी ते लहानपणी चुलीसमोर बसून पाहिलेलं आहे. वाळला मोह पाण्यात भिजत घालतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत आठवड्याच्या वर. हाच तो सडवा. पहिले दोन दिवस गोड वास, मग बुडबुडे, मडक्याला कान लावला तर आतून चुरचुर आवाज येतो. तो आवाज बंद झाला की सडवा तयार. मग तो चुलीवर. खालच्या मडक्यात सडवा, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत एक लहान भांडं, आणि सगळ्यात वर थंड पाण्यानं भरलेलं घमेलं. सांधे ओल्या मातीनं लिंपायचे. वाफ वर जाते, घमेल्याच्या थंड बुडाला लागते आणि थेंब थेंब आतल्या भांड्यात पडते. आमच्याकडे बायांचं सगळं लक्ष घमेल्यातल्या पाण्यावर असायचं. ते कोमट झालं की लगेच बदलायचं, नाहीतर वाफ निसटते. जाळ मोठा केला की करपट वास येतो.

आधी देवाला, मग पाहुण्याला. जन्म, लग्न, मरण, पंडुम म्हणजे सण, मोहाशिवाय काही होत नाही. भामरागडकडे माडिया लोक गोरगा काढतात, तो वेगळा. तो झाडातून येतो, भट्टी नाही लागत. सकाळी गोड, दुपारी कडक.

---

मळीवाला

मी पंचवीस वर्षं आसवनीत, म्हणजे दारू गाळायच्या कारखान्यात काढली, आता निवृत्त. वैनगंगा भाऊंनी लिहिलेलं घमेलं आणि आमचा तीन मजली स्तंभ, तत्त्व एकच. दारू ७८ अंशांला उकळते, पाणी १००ला. म्हणून वाफेत दारूचं प्रमाण जास्त येतं. ती वाफ थंड केली की मूळ सडव्यापेक्षा कडक द्रव मिळतो. स्तंभात हेच पुन्हा पुन्हा, ताटल्या-ताटल्यांवर होतं, आणि शेवटी जवळपास ९६ टक्क्यांचा अर्क निघतो. नुसत्या उकळण्यानं त्यापुढे जाता येत नाही.

यीस्टबद्दल एक भर. ते आपण केलेल्या दारूतच शेवटी मरतं. द्राक्षाची वाइन साधारण बारा-चौदा टक्क्यांवर थांबते. लाल वाइन सालीसकट आंबवतात, पांढरीत रस आधीच पिळून वेगळा करतात, एवढाच मुख्य फरक. त्याहून बरीच कडक हवी असेल तर भट्टीच लावावी लागते.

बिअर जरा वेगळी, कारण धान्यात साखर नसते, पिष्ट असतं, आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. मग काय करतात? आपण मटकीला मोड आणतो तसे बार्लीला मोड आणतात. मोड येताना दाण्यातच अशी द्रव्यं तयार होतात जी पिष्टाची साखर करतात. मोड आले की दाणा वाळवून भाजायचा, म्हणजे तिथेच थांबतो. हे माल्ट. ते भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की पाणी गोड होतं. मग हॉप नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळायचं, गार करायचं, यीस्ट सोडायचं. माल्ट किती भाजलं यावर रंग. जर्मनीतल्या बव्हेरियानं १५१६ साली कायदाच केला होता की बिअरमध्ये बार्ली, हॉप आणि पाणी याशिवाय काही नको. यीस्टचं नाव त्यात नव्हतं; ते सजीव असतं हे तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं.

त्याच गोड पाण्यात हॉप न घालता आंबवलं, तांब्याच्या भट्टीतून दोनदा काढलं आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं ठेवलं की स्कॉच. तिकडे पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं, आपल्या उन्हात त्याच्या कितीतरी पट. म्हणून आपल्याकडे पिंपातली दारू लवकर पिकते आणि लवकर संपतेही.

आणि हे लोकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितो: आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक व्हिस्कीचा पाया धान्य नसून उसाची मळी असते. साखर काढून झाल्यावर कारखान्यात जो काळा घट्ट पाक उरतो तो. त्याच्या अर्कात थोडं माल्ट, रंग, स्वाद मिसळतात. मळीपासून रम करणं हा रमचा धर्मच आहे, त्यात काही वावगं नाही. पण त्याच मळीला व्हिस्की म्हणणं युरोपात चालत नाही. बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, तो आकडा कडकपणा मोजायच्या जुन्या ब्रिटिश प्रूफ मापातून आलेला आहे. देशी दारूवरचा संत्र्याचा स्वादही बहुतेक वेळा नुसता स्वादच. काटोलकर दादांच्या बागेतलं एक फळ त्यात गेलेलं नसतं.

---

नवा_सभासद_७

गावाकडे म्हणतात पहिल्या धारेची सगळ्यात चांगली. काही जण म्हणतात पहिली धार विषारी, ती फेकून द्यायची. खरं काय? आणि पेटवून निळी ज्योत आली की चांगली, हे खरं आहे का?

---

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, याचं उत्तर नीट देणं माझं काम आहे.

पहिली धार कडक असते, कारण सुरुवातीच्या वाफेत दारू जास्त असते. पण मिथेनॉल, म्हणजे दारूसारखंच दिसणारं विषारी द्रव्य, ६४.७ अंशांला उकळतं म्हणून ते सगळं पहिल्या धारेत निघून जातं आणि उरलेली निर्धोक, हा हिशेब चुकीचा आहे. पाणी आणि दारूच्या मिश्रणात ते शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. धान्याच्या किंवा फुलांच्या सडव्यात ते मुळात फारसं तयार होत नाही. माणसं मरतात ती बहुतेक वेळा कोणी कारखान्यातलं मिथेनॉल आणून दारूत मिसळतं तेव्हा. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं अशीच गेली.

ज्योतीवर विसंबू नका. मिसळलेली दारूही निळीच जळते. वासावर, चवीवर, कशावरच कळत नाही.

मिथेनॉल पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही. बारा तासांनी, कधी दिवसभरानं त्याचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर जातं. माझ्या उमेदवारीच्या वर्षात भरदुपारी एक माणूस आणला होता. खिडकीतून ऊन त्याच्या खाटेवर पडलेलं, आणि तो सारखा म्हणत होता, "बाई, लाइट लावा ना." ते मी विसरू शकत नाही. धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसणं, पोटात दुखणं, उलट्या, धाप, यातलं काहीही झालं तर झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नका. मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय प्यायलं ते खरं सांगा. उपाय आहे, औषध आहे, डायलिसिस आहे, पण ते वेळेत व्हायला हवं.

---

अंगणातली_तुळस

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे. पण मला एक लिहायचंच आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्या घरी सडव्याचा वास यायचा तेव्हा आम्ही भावंडं शेजारच्या काकूंकडे झोपायला जायचो. गडचिरोलीत १९९३ला दारूबंदी झाली ती बायांनी गावोगाव मागितली म्हणून. आमच्या जिल्ह्यात ती २०१५च्या एप्रिलमध्ये आली आणि २०२१ला उठली. वर्धा तर आधीपासूनच बंद. बंदीनं चोरून विकणारे वाढले हे मलाही दिसलं, मी ते नाकारत नाही. पण बंदीच्या पहिल्या वर्षी माझी आई संध्याकाळी दाराला आतून कडी न लावता स्वयंपाक करायची, हेही मी पाहिलं.

मोहाच्या फुलाशी माझं भांडण नाही. माझी आईही त्याचे लाडू करायची. दारू कशी बनते हे लिहिताना ती कोणाच्या घरात जाते तेही कोणीतरी लिहावं, एवढंच.

---

वैनगंगा

ताई, तुम्ही लिहिलं ते बरं केलं. सणाला घरी काढलेली आणि रोज पोटभरून विकत आणलेली, यात आमच्याकडेही लय फरक पडत गेला. माझा मोठा काका त्यातच गेला. वर ते लिहायचं मी टाळलं होतं.

---

चूल_आणि_उन्हाळा

मी आंबिलीचं लिहिते. आंबील म्हणजे आंबवणंच आहे, पण तिथे काम यीस्टचं कमी आणि ताकातल्या जिवाणूंचं जास्त. ते साखरेची दारू करत नाहीत, आम्ल करतात. म्हणून आंबील आंबट होते, चढत नाही.

कृती आमच्या सासूबाईंची. चार चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर आंबट ताकात रात्री कालवून मातीच्या भांड्यात झाकून ठेवायचं. सकाळी वर बारीक जाळी दिसते आणि दह्यासारखा वास येतो. दोन पेले पाणी उकळायला ठेवायचं, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं टाकायचं, आणि कालवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. पिठाचा कच्चा वास गेला आणि चमच्याच्या पाठीवर थर धरला की उतरवायची. पूर्ण गार झाल्यावरच ताक घालून पातळ करायची, गरम असताना घातलं तर फाटते. वरून कांदा, कोथिंबीर. मे महिन्यात पारा ४५वर गेला की आमच्याकडे दुपारी जेवणाआधी पेलाभर सगळ्यांना सक्तीची.

पन्ह्याचं एकच सांगते. कैरी उकडण्यापेक्षा निखाऱ्यात भाजा. साल काळी पडली की गर आपसूक सुटतो, आणि त्या धुराच्या चवीला गूळच हवा, साखर नको.

---

इतवारीचा_गोळीसोडा

आमच्या आजोबांचं सोड्याचं दुकान होतं, म्हणून दोन ओळी. यीस्टनं बाटलीत वायू केला म्हणून दादांचं झाकण उडालं. सोड्यात तोच वायू आपण बाहेरून दाबानं पाण्यात घालतो. प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञानं १७६७मध्ये बिअरच्या पिंपावर पाण्याचं भांडं टांगून ही युक्ती शोधली, म्हणजे सोडाही मूळचा दारूच्या भट्टीतलाच. गोळीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ची. बाटली उलटी धरून भरायची, सुलटी करताच आतला वायू गोळीला मानेतल्या रबरी कडीवर दाबून धरतो. बूच वगैरे काही लागत नाही. आजोबा भरताना हाताला जाड गोणपाट गुंडाळायचे, कारण जुनी बाटली कधी फुटेल नेम नसे. फोडताना येणारा तो आवाज ऐकला की मला अजून आजोबांचा हात दिसतो.

---

मळीवाला

बागवान दादा, तुमच्या रसावर उपाय आहे. नुसता रस टिकवायचा नादच सोडा, स्क्वॅश करा. त्यात किमान २५ टक्के रस आणि किमान ४० टक्के विद्राव्य घन, म्हणजे मुख्यतः साखर, असा नियम आहे. एवढ्या साखरेत यीस्टचा जोर फार कमी पडतो. उरलेलं काम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे टिकवायचं औषध करतं, लिटरला साधारण अर्धा ग्रॅम, तेही तोलून, अंदाजानं नाही. साखरेचा पाक गार करूनच रसात मिसळा, रस तापवू नका. कडवटपणा थोडा येईलच, पण साखरेत तो दबतो.

---

काटोलचा_बागवान

मळीवाले काका, मनापासून आभार. मृगाच्या बहाराची शेवटची तोडणी या आठवड्यात आहे, म्हणून कालच करून पाहिलं.

या वेळी मिक्सरला हात लावला नाही. फळं आडवी कापली, बिया सुरीच्या टोकानं काढल्या, हातानं अलगद दाबली, जोर दिला नाही. रस कमी निघाला, पण पांढरं काही आत गेलं नाही. निम्मा रस तसाच ठेवला, निम्म्याचा स्क्वॅश केला. सोनाराकडच्या काट्यावर औषध तोलून आणलं.

आज सकाळी दोन्ही चाखले. नुसता रस शेवटी जिभेच्या मागे किंचित कडवट, डिसेंबरसारखा मुळीच नाही. स्क्वॅशमध्ये कडू शोधावं लागतं. बाबांना न सांगता पेला भरून दिला. ते ओसरीवर बसून हळूहळू प्यायले, पेला धुवायला आत आले आणि विचारलं, "किती बाटल्या केल्या?"

सहा केल्यात. दोन फ्रीजमध्ये, दोन फडताळात, दोन अंगणात सावलीला. दर रविवारी एकेक उघडून इथे लिहीन. तुळसताई, लाडवाची कृती तुमच्या आईला विचारून टाकाल का? आमच्या बांधावर मोहाची दोन झाडं आहेत आणि फुलं कालपासून पडायला लागली आहेत.